पिवळ्यावर लाल

मेंढ्यांची ढुंगणं न्याहाळत उभं राहणं हा काही चारचौघांत सांगण्यासारखा उद्योग नव्हे. पण लिफ्टवाल्याचा दिवस तिथूनच सुरू व्हायचा. तोंडावर पाणीसुद्धा न मारता तो कोंडवाड्याच्या फाटकाशी जायचा, आडव्या दांडीवर दोन्ही कोपरं टेकायचा आणि सोळा ढुंगणं एकेक करून बघायचा. परवा एक लाल होतं. काल तीन झाली. आज पाच. पाचवं दिसलं तेव्हा त्याने मान वळवून घराच्या दाराकडे पाहिलं, बायको उठली की काय म्हणून.

रंगाची गोष्ट अशी. पैदाशीचा मेंढा कळपात सोडताना त्याच्या छातीवर तेलात कालवलेला रंग थापतात. मेंढी माजावर आली, मेंढा तिच्यावर चढला, की रंग तिच्या ढुंगणाला लागतो. माणसाने पहारा द्यायला नको, कोणाचं काम झालं ते आपोआप कळतं. पहिले सतरा दिवस पिवळा लावायचा. मेंढी फळली नाही तर सतरा दिवसांनी ती पुन्हा माजावर येते, म्हणून सतरा दिवसांनी रंग बदलायचा, लाल लावायचा. फळलेली मेंढी मेंढ्याला जवळ उभं करत नाही, ती पिवळीच राहते. पिवळ्यावर लाल चढला, तर ती उलटली म्हणायचं. एखाददुसरी उलटायचीच. पण तीन दिवसांत पाच उलटल्या म्हणजे खोट मेंढीत नाही, मेंढ्यात आहे.

ती खोट कशामुळे आली असावी, हे लिफ्टवाल्याला माहीत होतं. त्याला एकट्यालाच माहीत होतं.

शहरात हा गडी लिफ्ट तपासनीस होता. बावीस वर्षं. काम काय, तर उंच इमारतीत जायचं, अगदी वरच्या यंत्राच्या खोलीत शिरायचं, लोखंडी दोराच्या तारा बोटाने चाचपायच्या, ब्रेक बघायचा आणि इथे काय काय तुटू शकेल याचा विचार करत बसायचं. बावीस वर्षांत त्याने तपासलेली एकही लिफ्ट पडली नाही. त्याच्या डोक्यात मात्र रोज एक पडायची. माणसांसकट पडायची. शेवटी शेवटी तो लिफ्ट तपासायला जिन्याने जायला लागला. चौदा चौदा मजले. वॉचमन म्हणायचे, "साहेब, लिफ्ट चालू आहे की!" हा म्हणायचा, "म्हणूनच."

बायको सरकारी दवाखान्यात डोळे तपासायची. ती म्हणाली, "अहो, एक तर डोकं दाखवा, नाहीतर नोकरी सोडा. दोन्ही नको म्हणाल तर मी सोडते, तुम्हाला."

त्याने नोकरी सोडली. मेंढ्याच का, असं कोणी विचारलं की म्हणायचा, मेंढी पडून पडून किती उंचावरून पडणार? चेष्टा वेगळी, पण तीन वर्षं रविवारी-रविवारी तो एका जुन्या पैदासवाल्याकडे जाऊन शेण काढत होता, खुरं कापत होता, शिकत होता. कापायची मेंढरं पाळायची नव्हती त्याला. जातिवंत कळप करायचा होता. आई कोण, बाप कोण, आजा-पणजा कोण, सगळं वहीत लिहिलेली नर कोकरं वाढवायची आणि दुसऱ्यांना त्यांच्या कळपासाठी द्यायची. कागदाच्या कामाची त्याला सवय होती. प्रत्येक मेंढीच्या कानात बिल्ला, प्रत्येक बिल्ल्याला एक पान.

बायकोने सहा महिन्यांची बिनपगारी रजा काढली. त्याहून एक दिवस जास्त मिळणार नव्हती. तिने करार केला तोही तसाच कोरडा. "रजा संपायच्या आत इथे पहिलं कोकरू उभं राहिलं, तर मी राजीनामा लिहिते आणि इथली होते. नाही राहिलं, तर मी कामावर. तुमचं तुम्ही बघा." मेंढी पाच महिने गाभण राहते. म्हणजे वर महिनाभराची सवड. मेंढ्या पिवळ्यात फळल्या तर आरामात बसत होतं. लालात फळल्या तरी बसत होतं, पण नखाएवढं. त्यापुढे नाही.

आता मेंढ्याविषयी. मेंढा आला तेव्हा बायको यायला वीस दिवस होते. उन्हाळा नुसता भाजून काढत होता. ट्रकमधून उतरवून देताना मेंढा विकणारा सहज म्हणून गेला, "जपा हं. याच्यावर लोकांचा डोळा असतो."

झालं. ट्रक गेला, वाक्य राहिलं. लिफ्टवाल्याला त्या दिवसापासून कुंपणाबाहेरून जाणारी सायकलसुद्धा चोराची वाटायला लागली. मोकळ्या कोंडवाड्यात, झाडाच्या सावलीत ठेवायचा म्हणून आणलेला मेंढा त्याने पंपाच्या जुन्या खोलीत घातला. खोली दहा बाय आठ. वर पत्रा. दाराला दोन कुलपं. मग त्याला वाटलं, खिडक्यांतून कोणी हात घालेल. कुत्री उडी मारतील. दोन्ही खिडक्यांना त्याने फळ्या ठोकल्या, फटसुद्धा ठेवली नाही. लिफ्ट असती तर अशा खोलीला त्याने स्वतःच लाल शेरा मारला असता, हवा खेळत नाही म्हणून. पण तिथे त्याला हवा दिसली नाही, चोर दिसला. मेंढा सकाळ-संध्याकाळ पाण्यापुरता बाहेर यायचा, धापा टाकत, जीभ काढून. हा म्हणायचा, नवीन जागा आहे, रुळेल.

शेजारी सांगायला कोणी नव्हतं. शेजारचा कळप आत्याचा. ती कोणाची आत्या हे कोणाला आठवत नव्हतं, सगळेच आत्या म्हणायचे. सत्तरीची, काटक, तोंडाने फटकळ. ती त्या दिवसांत कळप घेऊन वरच्या माळावर गेलेली. आणि बायको रोज फोनवर विचारायची, "मेंढा कुठे बांधलाय?"

"झाडाखाली," हा म्हणायचा. "राजासारखा बसलाय."

बायको यायच्या आदल्या दिवशी त्याने मेंढा झाडाखाली बांधला, फळ्या उपटल्या, जाळल्या आणि खिळ्यांच्या भोकांत साबण भरला. आठवड्याने पिवळा रंग लावून मेंढा कळपात सोडला. मेंढा दिसायला दांडगा, कामाला तयार. सतरा दिवसांत सोळाच्या सोळा पिवळ्या केल्या. आत्या माळावरून उतरली तेव्हा कुंपणावरून बघून म्हणाली, "जावईबापूंना दम आहे हो तुझ्या." तेव्हापासून मेंढ्याचं नाव जावईबापू. तिची मेंढरं आणि हा, जाळीला नाक लावून एकमेकांना हुंगत उभी राहायची.

आणि मग लाल चढायला लागला.

पाचाच्या सहा झाल्या, सहाच्या आठ. लिफ्टवाला पहाटे उठून ओला बोळा घेऊन जायला लागला. दोन मेंढ्यांचा लाल त्याने पुसायचा प्रयत्नसुद्धा केला. तेलातला रंग, लोकरीत बसलेला, तो काय निघतोय. उलट पसरला. बायको चहाचा कप घेऊन मागे येऊन उभी राहिली तेव्हा तो तसाच, एका हाताने मेंढी धरून, दुसऱ्या हातात बोळा.

"काय करताय?"

"घाण लागली होती."

ती आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांत बघत आलेली बाई. तिने मेंढ्यांकडे बघितलं, मग त्याच्याकडे. आत जाऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांना यायला दोन दिवस लागले. तोवर अकरा लाल झाल्या होत्या.

ते दोन दिवस लिफ्टवाल्याने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. जेवताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचा नाही. बायको कपाट उघडायची तरी दचकायचा, ही बॅग काढतेय की काय. एकदा मेंढ्याजवळ बसून तो हळूच म्हणाला, "एक तरी फळव रे बाबा." मेंढ्याने त्याची बाही चघळली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला सरळ. जीपमधून उतरल्या, हातमोजे चढवले, मेंढ्याच्या मागे उकिडव्या बसल्या आणि त्याची अंडं दोन्ही हातांत घेऊन बराच वेळ दाबून बघत राहिल्या. कुंपणापलीकडे आत्या येऊन उभी राहिली होती. फुकटचा तमाशा ती सोडणारी नव्हती.

"नरम पडलीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घट्ट पाहिजेत. काका, मेंढा आणल्यापासून ठेवला कुठे होता?"

लिफ्टवाल्याने झाडाकडे बोट केलं. बायको बाजूलाच उभी होती.

"इथेच. झाडाखाली. मोकळा."

"उन्हाची झळ? कोंडलेली जागा? पत्रा वगैरे?"

"छे छे."

डॉक्टरीणबाई उठल्या. हातमोजे काढता काढता त्यांचा चेहरा बदलला. "मग मला दुसरी शंका येते. मेंढ्यांचा एक आजार आहे, अंडात बसतो. मेंढा वरून धडधाकट दिसतो आणि सगळा कळप नासवतो. रक्त पाठवते, पण निकालाला तीन आठवडे. तोवर आजार पसरू द्यायचा नसतो. उष्णता लागली असती तर मी म्हटलं असतं, थांबू. पण तुम्ही म्हणताय ते कारण नाही. माझं ऐकाल तर उद्याच्या गाडीने हा खाटकाकडे द्या. आणि या सोळा जणींची तपासणी." त्यांनी कुंपणाकडे बघितलं. "आत्या, तुमचीसुद्धा. जाळीला नाक लावतात ना तुमची मेंढरं?"

"लावतात की," आत्या म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "माझी सत्तर आहेत, बाई. सगळी?"

"सगळी. आणि त्यांच्यात सापडला तर त्यांनाही..."

आत्याने जाळी धरली. इतक्या दिवसांत लिफ्टवाल्याने तिला कशालाही टेकलेलं बघितलं नव्हतं. तिचा अंगठा जाळीच्या तारेवर मागे-पुढे फिरत होता, आणि लिफ्टवाल्याला त्याच्या डोक्यात रोज पडणारी ती लिफ्ट दिसली. या वेळी दोर त्यानेच कापला होता आणि आत ही म्हातारी उभी होती.

"पत्रा होता," तो म्हणाला.

कोणाला नीट ऐकू गेलं नाही.

"काय म्हणालात?"

"पंपाच्या खोलीत होता. वीस दिवस. वर पत्रा. खिडक्यांना फळ्या मारल्या होत्या मी. चोर येतील म्हणून." तो मेंढ्याकडे बघत बोलत होता. "दिवसभर आत होता. धापा टाकायचा."

बायकोने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती सरळ पंपाच्या खोलीकडे चालत गेली. केसांतला आकडा काढला, खिडकीच्या चौकटीत खुपसला, साबणाचा तुकडा बाहेर आला. एक, मग दुसरा. चार-पाच भोकं मोकळी करून ती तिथेच पाठमोरी उभी राहिली.

डॉक्टरीणबाईंनी जीपमधून पेटी काढली, मेंढ्याच्या वीर्याचा नमुना घेतला आणि जीपच्या बॉनेटवर सूक्ष्मदर्शक ठेवून एक डोळा मिटून बघितलं. "हं. जिवंत आहेत. पण निम्म्यांच्या शेपट्या वाकड्या. उरलेले जागच्या जागी गोल गोल फिरतायत, पुढे सरकत नाहीत."

"मालकावर गेलेत," आत्या कुंपणावरून म्हणाली. तिच्या तोंडाला पुन्हा धार आली होती, पण हात अजून जाळीवरच होता.

"आजार असता तर पू दिसला असता. तो नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उकडून काढलाय तुम्ही याला, काका. रक्त मी पाठवतेच, पण खाटकाचं राहू दे. मेंढ्याचं बीज तयार व्हायला सात-आठ आठवडे लागतात. आत्ता जे आहे ते त्या खोलीतलं आहे. उरलेल्या पाच पिवळ्या दिसतात, त्या त्यांची पाळी अजून आली नाही म्हणून. दार उघडून किती दिवस झाले?"

"चौतीस."

"आणखी महिनाभर मेंढ्यांपासून लांब, सावलीत. आणि कोणाला विचारल्याशिवाय त्याच्यावर माया करू नका."

जीप गेली. आत्या जाताना म्हणाली, "भित्रा माणूस मी पुष्कळ पाहिला. पण तू आज मला भ्यायला लावलंस, हे मी विसरणार नाही." आणि दुसऱ्या दिवशी तिने जावईबापूंसाठी हिरवा पाला आणून टाकला.

घरात बायको दोन दिवस कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी कॅलेंडर खाली उतरवून तिने बोटांनी दिवस मोजले. "महिनाभर थांबायचं. मग पाच महिने. माझी रजा संपल्यावर चार आठवड्यांनी पहिलं कोकरू."

"डॉक्टर म्हणाल्या, थोडं पुढे-मागे होऊ शकतं."

"अहो, मेंढी पाच दिवस पुढे-मागे होते. चार आठवडे नाही." तिने कॅलेंडर परत खिळ्याला अडकवलं. "मेंढा मेला असता ना, तरी मी काही बोलले नसते. मरतात जनावरं. मी रोज विचारत होते, कुठे आहे. रोज तुम्ही मला ते झाड दाखवलंत."

"खरं सांगितलं असतं तर तू आलीच नसतीस असं वाटलं."

"आले असते. येऊन आधी खिडक्या उघडल्या असत्या."



महिन्याने निळा रंग लावून मेंढा पुन्हा सोडला. सतरा दिवसांनी हिरवा. त्या सकाळी लिफ्टवाल्याला कोंडवाड्यापर्यंत जाववेना. फाटकापासून वीस पावलांवर तो थांबला. बायको पुढे गेली. ती एकेक ढुंगण बघत फिरत होती आणि हा तिच्या पाठीकडे बघत होता, तिचा खांदा पडतो का, मान हलते का. रोज असं. पहिल्या आठवड्यात एक हिरवी झाली, दुसऱ्यात आणखी एक. मग काही नाही. चौदा निळ्याच राहिल्या. रक्ताचा निकालही चांगला आला. आत्या म्हणाली, "आता तरी हस की मेल्या." तो हसला, पण त्याच्या मनात चौदा मेंढ्या तेव्हाच अडल्या होत्या, चौदाही आडव्या पडून पाय झाडत होत्या.

बायको ठरल्या दिवशी गेली. भांडण नाही, रडणं नाही. बॅग एसटीत चढवताना त्याने एकदाच विचारलं, "राजीनामा राहिलाच का?"

"करार तुम्हीच मोडलात," ती म्हणाली. "शनिवार-रविवार येत जाईन. मेंढ्यांसाठी." मग खिडकीतून वाकून म्हणाली, "आणि तुम्ही काय करताय ते बघायला."

पहिली व्यायला आली तीच अडली, चौदा नंबरची, मंगळवारी, भर दुपारी. पाण्याची पिशवी फुटली, एक पाय बाहेर आला, नाक आलं आणि तिथेच थांबलं. दुसरा पाय नाही. लिफ्टवाला कुंपणाकडे धावत गेला. "आत्या! एकच पाय आलाय!"

आत्या जाळीपर्यंत आली. दोन्ही हात वर करून दाखवले, बोटं सांध्यांत आखडलेली, मुळांसारखी वाकडी. "माझा हात आता आत जात नाही. तुझा घाल."

"मला नाही जमणार. काहीतरी फाटेल आतून."

"नाही घातलास तर दोघं मरतील. साबण लाव. कोपरापर्यंत. अरे रांडेच्या, बघतोस काय, लाव!"

त्याने लावला. गुडघ्यांवर बसला. मेंढी ओरडत होती आणि त्याच्या डोळ्यांपुढे फाटण्यासारखं, तुटण्यासारखं, वाकण्यासारखं जे जे होतं ते सगळं एका वेळी आलं. हात आत गेला. गरम, घट्ट, हाडाची कड मनगटावर दाबत होती. "पिल्लाला आधी मागे ढकल," आत्या ओरडली, "ओढू नको! ढकल! मग गुडघा शोध, खूर मुठीत घे, नाहीतर त्याने आतून चिरेल!" त्याने ढकललं. बोटांना गुडघा लागला, सुटला, पुन्हा लागला. खूर मुठीत आला. तो काय पुटपुटत होता ते त्याला कळत नव्हतं. पाय सरळ झाला आणि पुढच्या कळेला सगळं घसरून बाहेर आलं, पिवळं, चिकट, निपचित.

"मेलंय, आत्या."

"नाकातलं काढ. गवताने घास. जोरात घास, लाड करू नको!"

त्याने घासलं. एकदा, दहादा, हात दुखेपर्यंत. मग ते शिंकलं.

अर्ध्या तासाने ते चार पायांवर उभं राहून लगेच पडलं आणि पुन्हा उभं राहिलं. त्याने रक्ताच्या हातानेच फोन लावला. दवाखान्यात मागे पेशंटचा गोंगाट होता.

"उभं राहिलं," तो म्हणाला.

"कोणाचं?"

"चौदाचं. नर आहे."

"दूध प्यालं?"

"पितंय." मग भराभर म्हणाला, "हे बघ, नाळ मी फार आखूड तोडली. घाई केली. बेंबीतून रक्त येतंय, थेंब थेंब. आत्याला अजून सांगितलं नाही. तुला आधी सांगतोय."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. गोंगाट मागे पडला. मग बायकोचा आवाज, जवळून, कामाचा. "पांढरा दोरा आहे शिवणाच्या डब्यात. औषधात बुडवा, बेंबीशी घट्ट बांधा, दोन गाठी. आणि आत्याला सांगा. आत्ता. मी धरून आहे फोन."

त्याने फोन गवतावर ठेवला आणि डब्यासाठी धावला. मागे सहा नंबरच्या मेंढीलाही कळा लागल्या होत्या, ती कोपऱ्यात जाऊन पुढच्या पायाने जमीन उकरायला लागली होती.